आधी दोष सांगा, मग ऐका, मगच ठरवा
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला 'नोकरीतील हक्क' हा विषय दिला. विषय फार मोठा आहे. पगार, रजा, पीएफ, बोनस, एकेका गोष्टीवर एकेक रात्र जाईल. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो. माणसाला कामावरून काढताना मालकाने काय करायला पाहिजे, आणि काढल्या गेलेल्या माणसाने काय करायला पाहिजे?

आपल्या वस्तीकडे पाहा. कोणी अमरावतीला एमआयडीसीत जाते, कोणी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात. कोणी जिनिंगवर हंगामी, कोणी संत्र्याच्या पॅकिंगवर. कोणी एसटीत, कोणी खाजगी शाळेत शिपाई, कोणी एखाद्या एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड. बाया अंगणवाडीत, दवाखान्यात, दुकानात. घरोघरी कोणी ना कोणी दुसऱ्याच्या हाताखाली काम करते. आणि अशा घरावर एके दिवशी एक वाक्य येऊन पडते : "उद्यापासून येऊ नोको."

एवढंच. कारण नाही, कागद नाही, हिशोब नाही. ज्या पोराच्या पगारावर किराण्याची उधारी, बहिणीची कॉलेजची फी आणि मायच्या बचत गटाचा हप्ता चालते, ते पोरगं मान खाली घालून घरी येते. बापाने विचारलं तर म्हणते, "सायेब नाही म्हनले." आणि आपण सगळे गप्प बसतो. आपल्याला वाटते, नोकरी मालकाची होती, त्याने दिली, त्याने घेतली.

बंधूंनो, हे खरं नाही. मालकाला कोणाला काढताच येत नाही, असंही मी म्हणत नाही. चोरी केली, दारू पिऊन मशीनवर आला, महिना महिना गैरहजर राहिला, तर काढता येते. पण काढण्याची एक रीत आहे. आधी दोष सांगायचा, तोही लिहून. मग त्या माणसाचं म्हणणं ऐकायचं. मग पुरावा पाहून ठरवायचं, आणि शिक्षा दोषाच्या मापाची द्यायची. ह्या पायऱ्या चुकल्या की ती बडतर्फी न्यायाची राहत नाही. कोर्टाच्या भाषेत यालाच नैसर्गिक न्याय म्हणतात.

कोणी म्हणेल, ही तर इंग्रजांनी शिकवलेली रीत. आपण विहारात बसलो आहोत, म्हणून सांगतो. भगवान बुद्धांच्या भिक्षुसंघातही दोष होत होते, तक्रारी होत होत्या. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याचे नियम आहेत. भिक्खूवर कारवाई करायची तर ती त्याच्या समोर झाली पाहिजे, त्याला विचारून झाली पाहिजे, दोष कोणता हे आधी सांगितलं पाहिजे. पाठीमागे केलेली, न विचारता केलेली कारवाई धम्माला धरून नाही, असं तिथे ठरवून दिलं आहे. वाद मिटवण्याच्या सात रीतींमध्ये पहिली रीत 'संमुखविनय', म्हणजे समोरासमोर. आज लेबर कोर्ट मालकाला विचारते, "याला चार्जशीट दिली होती काय? याचं म्हणणं घेतलं होतं काय?" हाच प्रश्न संघात अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला जात होता.

सिगालोवाद सुत्त आपण ऐकतो. त्यात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. आणि लगेच नोकराचीही पाच सांगितली आहेत. मालकाच्या आधी उठावं, नंतर झोपावं, दिलेलंच घ्यावं, काम चोख करावं, मालकाचं चांगलं बोलावं. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी आहेत, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम पडेल.

आता परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे येतो. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. कामगारांसाठी त्यांनी काय केलं, हे आपल्याच घरात कमी सांगितलं जाते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत आपला माणूस जन्मभर गँगमनच राहते, त्याला वर चढू देत नाहीत, पोर्टरसुद्धा होऊ देत नाहीत, हे त्यांनी तिथे उघड मांडलं. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागे, आणि आपल्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं.

त्याच साली मुंबई विधानसभेत औद्योगिक कलहाचं बिल आलं. त्यात काही परिस्थितीत संप करणं हा गुन्हा ठरत होता. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्यातून १९४६ साली एक कायदा निघाला, स्थायी आदेशांचा, ज्याला कारखान्यात 'स्टँडिंग ऑर्डर' म्हणत. नाव रुक्ष आहे, पण काम मोठं झालं. त्याच्या आधी कारखान्याचा नियम म्हणजे मालकाचा मूड. ह्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना सांगितलं की कामाच्या अटी लिहून काढा, गैरवर्तन कशाला म्हणायचं ते लिहा, त्याची शिक्षा आणि चौकशीची रीत लिहा, सरकारकडून मंजूर करून घ्या आणि कामगाराला वाचता येईल अशी लावून ठेवा. तोंडचा हुकूम कागदावर आला. मला वाटते, गरीब माणसासाठी हा फार मोठा बदल होता.

मग घटना आली. तिच्या ३११ व्या कलमात सरकारी नोकराला हमी दिली आहे. आरोप सांगितल्याशिवाय, आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय, त्याला बडतर्फ करता येत नाही. काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हा आहे. आज आपल्यातला जो तलाठी, शिक्षक, पोलीस ताठ मानेने चालते, त्याच्या पाठीमागे हे कलम उभं आहे.

खाजगी कामगारासाठी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. १९६५ साली त्यात एक दुरुस्ती झाली. त्याआधी एकट्या माणसाला काढलं तर युनियनने वाद उचलल्याशिवाय त्याची दाद लागत नव्हती. दुरुस्तीनंतर एकट्याचा वादही औद्योगिक वाद झाला. १९७१ साली कोर्टाला अधिकार मिळाला की शिक्षा फार जबर वाटली तर ती कमी करावी. त्याच साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, ज्याला कामगार चळवळीत 'पल्प' म्हणतात. सूड म्हणून काढणं, खोट्या कारणाने काढणं, चौकशीचं नाटक करून घाईघाईत काढणं, लहान चुकीसाठी नोकरीच घेणं, ह्या गोष्टींना त्याने अनुचित कामगार प्रथा ठरवलं. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट त्या यादीत टाकली. माणसाला कायमचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे बदली, रोजंदार किंवा तात्पुरता ठेवणं, हीसुद्धा अनुचित प्रथा.

इथे थोडं थांबतो, कारण आपलं दुखणं इथेच आहे. कायम माणसाला काढायचं तर चौकशी लागते. तात्पुरत्याला काढायला काय लागते? बोलावलं नाही की झालं. म्हणून आपल्या माणसाला दहा-दहा वर्षे तात्पुरताच ठेवतात.

ह्याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात एक मोठी लढाई झाली. एसटीच्या डेपोत गाड्या झाडणारे, धुणारे कामगार होते. हे काम कोणाच्या वाट्याला येते, ते तुम्हाला सांगायला नको. महामंडळाने त्यांना वर्षानुवर्षे नगाच्या हिशोबाने, किरकोळ पैशावर राबवलं. गाडी रोज घाण होते, रोज धुवावी लागते, म्हणजे काम कायमचं. पण माणूस कागदावर तात्पुरता. कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेने औद्योगिक न्यायालयात तक्रार केली. न्यायालयाने सांगितलं, ही अनुचित प्रथा आहे, यांना कायम करा. महामंडळ उच्च न्यायालयात गेलं, हरलं. सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे त्यांनी २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेतला, ज्यात मागच्या दाराने सरकारी नोकरीत आलेल्यांना कायम करता येत नाही असं म्हटलं होतं. २८ ऑगस्ट २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पदं अस्तित्वात असतील आणि मालकाने अनुचित प्रथा केली असेल, तर उमादेवी निकालाने औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार जात नाही. झाडूवाल्या कामगारांच्या संघटनेचं नाव आज देशभरच्या कोर्टांत वकील लोक घेतात. हा निकाल आपल्या पोरांनी माहीत करून घ्यावा.

अशीच एक गोष्ट वन खात्याची. पुण्याकडे वन विभागाच्या योजनेवर पाच-सहा वर्षे रोजंदारीवर असलेल्या मजुरांबाबत सरकारने म्हटलं, आम्ही सरकार आहोत, आम्हाला कामगार कायदा लागत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि मजुरांना कायम करण्याचा हुकूम टिकवला. आपल्या भागात रोपवन आणि जंगलाच्या कामावर जाणारे पुष्कळ आहेत, म्हणून सांगितलं.

आता शिक्षकांची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादच्या एका खाजगी प्राथमिक शाळेतल्या बाईंना सुमारे चौदा वर्षांच्या नोकरीनंतर निलंबित केलं, आणि जून २००७ मध्ये काढून टाकलं. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये ती बडतर्फी रद्द केली आणि मागचा पूर्ण पगार द्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने बडतर्फी बेकायदा मानली, पण मागचा पगार नाकारला. बाई थांबल्या नाहीत. १२ ऑगस्ट २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण पगाराचा हुकूम परत कायम केला. न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व सोपं आहे. अन्यायाने काढलेल्या माणसाने आपण त्या काळात बिनाकामाचे होतो एवढं सांगावं. तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करणं मग मालकाचं काम. मालकाच्या चुकीचा भुर्दंड कामगाराने का भरावा?

पण मी फक्त जिंकलेल्या गोष्टी सांगितल्या तर तुमची फसवणूक होईल. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात १९८३ साली एक कामगार ड्युटीवर झोपलेला सापडला. काढून टाकलं. लोक म्हणतील, झोपला म्हणून नोकरी घेता काय? पण त्याच्या नावावर आधीच्या तीन चुका लिहिलेल्या होत्या आणि चौकशी रीतसर झाली होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली. म्हणून सिगालोवाद सुत्तातली दुसरी पाच कर्तव्येही पाठ ठेवा. ज्याला हक्कासाठी भांडायचं आहे, त्याची हजेरी स्वच्छ पाहिजे. न सांगता दांडी, तंबाखू-दारू, साहेबाला शिवी, ह्या गोष्टी आपल्या हाताने मालकाच्या फाइलीत भरू नका. मेमो आला तर फाडून फेकू नका, उत्तर लिहा.

आता नवा कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९४६ चा आणि १९४७ चा, दोन्ही कायदे आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत गेले. काही गोष्टी राहिल्या. सूडाने काढणं आणि वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणं ह्या अनुचित प्रथा त्या संहितेच्या यादीतही आहेत. वर्षभराच्या, म्हणजे २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. महिना बारा हजारावर आठ वर्षे काम केलेल्याचे हे सुमारे ४८ हजार, आणि नोटीस नसेल तर वरून बारा हजार. ग्रॅच्युइटी आणि पीएफ वेगळे. नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं आहे. काढल्यावर किंवा सोडल्यावर हिशोबाचा पगार कामाच्या दोन दिवसांत मिळाला पाहिजे, असं वेतन संहिता सांगते.

काही गोष्टी हातातून गेल्याही. लिखित स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० आणि त्याहून जास्त कामगारांच्या ठिकाणीच आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० ची होती. आपल्या भागात तीनशे कामगारांचे कारखाने किती? बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. आणि घरकाम करणाऱ्या आपल्या बाया तर ह्या संहितेच्या बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी राज्याचा २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो बडतर्फीपासून वाचवत नाही. ज्यांच्यामागे कायदा कमी आहे, त्यांच्यामागे संघटना जास्त लागते, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

संघटनेचं बळ आपण एसटीच्या संपात पाहिलं. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. विलीनीकरणाची मागणी काही मिळाली नाही, घरं उपाशी राहिली, हेही खरं. पण हजारो कर्मचारी निलंबित आणि बडतर्फ झाले होते, त्यांना उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत हजर होण्याची मुभा दिली आणि परत येणाऱ्यांची नोकरी वाचली. एकटा माणूस असता तर त्याच्याकडे कोणी पाहिलं असतं काय?

आता शेवटचा आणि कामाचा भाग. काढलं तर काय करायचं?

पहिली गोष्ट, राजीनाम्यावर सही करू नका. "सही कर, हिशोब घेऊन जा," असं गोड बोलतात. सही केली की तुम्ही स्वतःहून गेले, मग बडतर्फीचा प्रश्नच उरत नाही. कोऱ्या कागदावर तर अंगठासुद्धा देऊ नका. दुसरी, त्याच आठवड्यात मालकाला रजिस्टर पोस्टाने अर्ज टाका. अमुक तारखेपासून मला कामावर घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे, कारण लेखी कळवा. पोचपावती जपून ठेवा. तिसरी, अमरावतीचं कामगार कार्यालय गाठा. दोन वर्षे आहेत म्हणून दोन वर्षे बसू नका, काही तक्रारींची मुदत फक्त ९० दिवसांची असते. चौथी, वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी राहू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिलांना, औद्योगिक कामगारांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत बौद्धही आले. १५१०० ह्या नंबरवर फोन करा.

आणि ह्या सगळ्यासाठी कागद लागते. कोर्टात पहिला प्रश्न हाच, "तू तिथे कामाला होता, याचा पुरावा काय?" आपला माणूस म्हणते, "मालक चांगला हाये, कागदाची काय गरज?" मालक चांगला असतो तोपर्यंत कागदाची गरज नसतेच. नेमणूकपत्र, पगाराची पावती, बँकेचं पासबुक, गेटपास, पीएफचा नंबर, ओळखपत्र, सगळं एका पिशवीत ठेवा. काहीच मिळत नसेल तर वही करा. रोजची तारीख, किती तास, किती पैसे, सोबत कोण होतं, ते लिहा.

बंधूंनो, आपण रिद्धपूरचे लोक. ह्याच गावात वाजेश्वरीला बसून म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. माणसामाणसाकडे जाऊन विचारलं, कोणी काय पाहिलं, कोणी काय ऐकलं, आणि तसं नोंदवलं. सातशे वर्षांहून जास्त काळ ते टिकलं. आता मराठी भाषेचं विद्यापीठही इथेच आलं. लिहून ठेवण्याचं महत्त्व ह्या गावाला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या घामाचा हिशोब तेवढा लिहायचा राहिला आहे.

म्हणून विहार समितीला माझी एक विनंती आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास द्या. आपली शिकलेली पोरं-पोरी एक टेबल मांडून बसतील. ज्याला मेमो आला, ज्याचा पगार अडकला, ज्याला "येऊ नोको" म्हटलं, त्याचा अर्ज ते लिहून देतील, आणि झेरॉक्स विहाराच्या कपाटात राहील. याला फार खर्च नाही. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीवर लिहिलं आहे. शिकलेल्याने न शिकलेल्याचा अर्ज लिहिला, तर ते तिन्ही शब्द एका टेबलावर येतील.

मालकाने दोष सांगावा, ऐकावं, मग ठरवावं, हे आपण मागतो आहोत. विहारातही, घरातही आपण तसंच वागू या. सुनेवर, पोरावर, शेजाऱ्यावर न ऐकता निकाल देऊ नका. जो न्याय बाहेर मागायचा, त्याची सवय आत पाहिजे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय बुद्ध, जय भारत.